दुहेरी नको

शारजाच्या बाहेर एक वस्ती आहे, अल सजा.
या नावावर आता आमच्यात कुणी विनोद करत नाही.
बाराव्या इमारतीच्या मागे, पाण्याच्या टाकीची सावली पडते तेवढ्यात
दर शुक्रवारी आम्ही दोन शिलाई मशिनं मांडतो.
मंडळाच्या इतिवृत्तात याला 'उपक्रम' म्हणतात.
मंडणगडची निलोफर पारकर म्हणते 'बसणं'.
बाय, या शुक्रवारी बसायचं ना?

यंदा पैसे एका कंपनीच्या प्रतिष्ठानाचे,
म्हणून हदील आली. अम्मानची, सव्वीस वर्षांची,
लॅपटॉपवर वाळू बसू नये म्हणून त्यावर स्वतःची ओढणी टाकणारी.
एका दिरहामामागे समाजाला किती दिरहाम मिळाले,
एवढंच तिला हवं होतं.
बंदरातल्या कचेरीत बावीस वर्षं मी जमाखर्च लिहिते.
मला प्रश्न आवडला, खोटं कशाला बोलू.

चेन बदलली, सात दिरहाम वाचले.
ओव्हरऑलच्या गुडघ्याला ठिगळ: नव्याची किंमत पंचेचाळीस,
त्यातला तिसरा हिस्सा धरा.
कॉलर उलटवली, शर्ट अजून एक वर्ष चालेल.
वर्ष कशावरून? हदीलनं विचारलं.
कॉलरवरून, मी म्हटलं.

मग तिनं चाळणी काढली. तीन प्रश्न:
तुम्ही नसता तरी हे झालंच असतं का?
झालं त्यात तुमचा वाटा किती, इतरांचा किती?
आणि फायदा टिकतो किती काळ, वर्षाला किती विरतो?
(ती 'घटतो' म्हणत होती. काम कापडाचं, मी 'विरतो' लिहिलं.)
निलोफर दातात दोरा धरून हसली,
माझ्या सासूनं लग्नानंतर हेच तीन विचारलेले.

रात्री घरी नोंदवही पडताळताना
एक नाव पुनःपुन्हा बोटाखाली आलं.
पोचय्या, जगित्यालकडचा, पराती बांधणारा.
चौदा शुक्रवार, अकरा बटणं,
सगळी एकाच आकाशी शर्टाची.
येतो, रंगाची बादली उपडी घालून बसतो,
विहिरीवरची मोटर, लाथ मारणारी म्हैस,
मुलीला गणितात पडलेले एकोणऐंशी,
हे सगळं तेलुगूत सांगतो.
निलोफर तिच्या कोकणीत उत्तरं देते.
म्हैस कुणाची आणि मुलगी कुणाची
यात दोघांचा अजून घोळ आहे.

पुढच्या शुक्रवारी शर्ट मी हातात घेतला.
झिजलेल्या दोऱ्याला टोकाशी लव सुटते.
इथे तशी नव्हती.
दोरा सरळ कापलेला, ब्लेडनं.

अर्धा दिरहाम एका बटणाचा, असे साडेपाच.
गरज नसताना दिलेली सेवा.
मी ते वजा केले. नियम तो नियम,
आणि माझी वही आजवर कुणी खोडून दिलेली नाही.
फक्त बादलीसाठी रकाना शोधत
थोडा वेळ बसले. हदीलला फोन लावला,
वाजायच्या आत ठेवला.

आकडा आला: एकास तीन पूर्णांक अठरा.
अध्यक्ष ओगल्यांनी टाळ्या मागवल्या,
दारात मावणार नाही एवढा पुठ्ठ्याचा चेक आला,
तो तिरका करून आत घ्यावा लागला.
फोटोत मी कडेला आहे, अर्धी.

त्यानंतरचा शुक्रवार.
हवेत भट्टी, टाकीची सावली आखडलेली.
निलोफरपुढे सहा पँटी, म्हणून तो माझ्याकडे आला.
आकाशी शर्ट, वरून तिसरं बटण.
बादली उपडी झाली. मोटर पुन्हा जळली होती बहुतेक,
हातानं त्यानं धूर काढून दाखवला.
मी सुई ओवली, दोरा दुपदरी केला,
चांगली घट्ट गाठ मारायला घेतली,
तर शेजारचं मशिन थांबलं.

दुहेरी नको गो, निलोफर हळूच म्हणाली,
ब्लेडनं कधीतरी बोट कापून घेईल तो.